मुक्काम लांगदॉक: द्राक्षमळ्यातून दिवसाच्या सहली

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखापासून पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत भूमध्य समुद्राच्या कडेकडेने द्राक्षमळ्यांचा एक रुंद पट्टा पसरला आहे. त्याचे जुने नाव लांगदॉक. मध्ययुगात उत्तरेकडचे लोक ‘हो’ला ‘ऑइल’ म्हणत आणि दक्षिणेकडचे ‘ऑक’. दक्षिणेची भाषा म्हणून ‘लांग दॉक’, आणि भाषेवरूनच प्रदेशाला नाव मिळाले. बोर्दो किंवा बर्गंडी ही वाइनची नावे मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली असतात, लांगदॉक क्वचितच. पण फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या द्राक्षक्षेत्रांत त्याची गणना होते, आणि तंबू ठोकून आसपास हिंडायला याहून सोयीचा मुलूख युरोपात थोडाच सापडेल.

फ्रान्समध्ये कॅम्पिंग म्हणजे रानात कुठेही उतरणे नव्हे. कॅम्पसाइटला सरकारमान्य वर्गवारी असते, एक ते पाच ताऱ्यांची. झुडपांच्या कुंपणांनी आखलेल्या जागेवर आपला तंबू किंवा कॅराव्हॅन लावायची. पाणी, वीज, न्हाणीघर, भांडी घासायच्या मोऱ्या सामाईक. तंबू नसला तर लाकडी खोपट भाड्याने मिळते. लांगदॉकच्या किनाऱ्यावरच्या कॅम्पसाइट जुलै-ऑगस्टमध्ये गावाएवढ्या भरतात. १९६३मध्ये फ्रेंच सरकारने हा डासांनी भरलेला दलदलीचा किनारा पर्यटनासाठी वसवायची मोठी योजना हाती घेतली, त्याचे हे फळ. पण प्रदेश पाहायचा असेल तर मुक्काम किनाऱ्यापासून थोडा आत, बेझिए आणि नार्बोन या दोन शहरांच्या मधल्या मळ्यांत करावा. तिथल्या कापेस्तां या गावाच्या आसपास राहिले, तर ही दोन्ही शहरे वीसेक किलोमीटरवर येतात, आणि लांबच्या बहुतेक जागा गाडीने तास-दीड तासाच्या आत. मात्र तंबूच्या मेखा खोल ठोकाव्या लागतात. ‘त्रामोंतान’ नावाचा कोरडा वायव्य वारा इथे दिवसचे दिवस वाहतो. द्राक्षावरची बुरशी तो आटोक्यात ठेवतो, म्हणून बागायतदाराला तो हवा असतो. तंबूवाल्याचे मत निराळे असू शकते.

पहिली सहल खरे तर कुंपणाबाहेर पाऊल टाकताच सुरू होते. इथल्या जुन्या द्राक्षवेलींना मांडव नसतो, तारा नसतात. गुडघा-मांडीएवढे जाड, वाकडे खोड आणि त्यावर वाटीच्या आकारात उघडलेल्या चार-पाच फांद्या, अशी ही सुटी झुडपे असतात. वारा आणि उन्हाचा ताप दोन्ही या ठेवणीला सोसतात. कारिन्यां, ग्रनाश, सँसो या जुन्या जाती. सिरा आणि मूर्वेद्र अलीकडे वाढलेल्या. सपाट गाळाच्या जमिनीवर पीक भरघोस येते, उत्तरेच्या टेकड्यांवर कमी पण कसदार. फोजेरचा पाटीचा दगड, सँ-शिनियांची मिश्र माती, मिनेर्व्वाची चुनखडी असा जमिनीचा पोत दर काही मैलांवर पालटतो, आणि बाटलीवरचे नावही त्याबरोबर पालटते.

हा मळ्यांचा समुद्र मात्र सनातन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे गहू, ऑलिव्ह आणि मेंढ्याही होत्या. १८५०च्या दशकात रेल्वे आली, उत्तरेच्या कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत स्वस्त वाइन पोहोचवता येऊ लागली, आणि बघता बघता सगळे मैदान द्राक्षाखाली गेले. मग अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने १८६०च्या दशकापासून या वेली मारल्या. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्याचा, आणि तो सिद्ध करणाऱ्यांत माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमील प्लांशाँ अग्रणी होते. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार आज डॉगरिज खुंटावर कलम बांधतो, तोही अमेरिकन वंशाचाच खुंट आहे. तिथे कारण खारे पाणी आणि दुष्काळ हे असते, इथे कीड होती.

कापेस्तांच्या कडेने मिदी कालवा जातो, आणि दुसरी सहल त्याच्या काठाने सायकलवर करण्याची. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या खाजणापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा बेझिएत जन्मलेले पिएर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात खणवला. मिठावरचा कर गोळा करणारा हा अधिकारी स्थापत्यशास्त्र शिकलेला नव्हता. त्याला सुटलेले कोडे पाण्याचे होते. अटलांटिककडे आणि भूमध्य समुद्राकडे उतरणाऱ्या पाण्यांच्या मधला उंचवटा, नोरूझची खिंड, कोरडा होता. कालव्याच्या सर्वांत उंच टोकाला पाणी आणायचे कुठून? रिके यांनी माँताञ न्वार डोंगरातले ओढे वळवले, सँ-फेरेओल इथे धरण बांधून पाणी साठवले आणि ते खिंडीत आणून दोन्ही बाजूंना सोडले. काम भरात असताना बारा हजारांपर्यंत मजूर राबत होते, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. रिके १६८०मध्ये वारले. कालवा खुला व्हायला काही महिने उरले होते. १९९६मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले.

सायकलसाठी हा भाग उत्तम असण्याचे कारण कालव्याच्या रचनेतच आहे. अर्जाँपासून बेझिएच्या वेशीपर्यंत तब्बल ५४ किलोमीटर पाणी एकाच पातळीवर वाहते, मध्ये एकही जलपाश नाही. नावेला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवायची-उतरवायची दारे लावलेली कोठी म्हणजे जलपाश. काठाची वाट त्यामुळे सपाट राहते, मात्र टेकडीच्या प्रत्येक वळशाबरोबर वळत जाते. दोन्ही बाजूंच्या चिनार वृक्षांची सावली ही या कालव्याची ओळख होती. होती म्हणायचे कारण, २००६मध्ये एका बुरशीचा रोग या झाडांवर आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडून जाळावी लागली. सुमारे ४२,००० चिनार होते. जिथे ते गेले तिथे दुसऱ्या जातींची रोपे उभी आहेत आणि उन्हात वाट तापते. सकाळी लवकर निघालेले बरे.

कापेस्तांहून पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर मालपा नावाची टेकडी लागते. कार्कासोनची तटबंदी जगाला ठाऊक आहे, मालपाचे नावही कुणाला माहीत नसते. तरी या संपूर्ण प्रदेशात एकच जागा पाहायला वेळ असेल, तर ती ही असावी. ठिसूळ वाळूदगडाच्या या टेकडीतून रिके यांनी १६७९मध्ये कालव्यासाठी सुमारे १६५ मीटरचा बोगदा काढला. नावा जाऊ शकतील असा कालव्यावरचा बोगदा युरोपात त्याआधी नव्हता. टेकडी ढासळेल म्हणून काम थांबवायचे आदेश येत असताना त्यांनी तो घाईने फोडून दाखवला, अशी कथा सांगितली जाते. त्याच टेकडीच्या पोटात आणखी खाली एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा बोगदा आहे. आणि त्याहून खाली, त्याहून कितीतरी जुना, मध्ययुगात खणलेला तिसरा बोगदा आहे, फक्त पाणी वाहून नेणारा.

या तिसऱ्या बोगद्याचे काम काय ते पाहायला टेकडीवरच्या आंसेरूनला चढावे. खालच्या मैदानात एक प्रचंड चक्र आखलेले दिसते. मधोमध वर्तुळ, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले चर, आणि दोन चरांच्या मधल्या पाचरीएवढे एकेक शेत. हे मोंतादीचे तळे. तेराव्या शतकापर्यंत ते दलदलीचे तळे होते. १२४७मध्ये नार्बोनच्या आर्चबिशपकडून परवानगी मिळवून आसपासच्या जमीनमालकांनी ते सुकवायला घेतले. चरांतले पाणी मध्यभागी येते, तिथून एका नाल्याने टेकडीकडे वळते आणि बोगद्यातून पलीकडे निघून जाते. सुमारे चारशे हेक्टर जमीन अशी मोकळी झाली, आणि ती व्यवस्था आजही काम करते. आंसेरूनची वस्ती तर ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली. घरांची जोती, खडकात कोरलेली धान्याची शेकडो पेवे, ग्रीक खापरांनी भरलेले वस्तुसंग्रहालय असे सगळे त्या माथ्यावर आहे. पायथ्याजवळून इटली-स्पेन जोडणारा रोमन रस्ता, व्हिया दोमितिया, जात असे. अडीच हजार वर्षे माणसे याच चिंचोळ्या वाटेने ये-जा करत राहिली, आणि प्रत्येक पिढीने आपली वाट टेकडीला कोरून ठेवली.

कालव्याने आणखी सातेक किलोमीटर पुढे गेले की फोंसरानचा जिना येतो. ओर्ब नदीकडे उतरताना कालव्याला एकदम साडेएकवीस मीटर खाली यायचे असते, म्हणून जलपाशाच्या आठ कोठ्या आणि नऊ दारे एकापाठोपाठ एक उतरंडीसारखी रचली आहेत. या कोठ्या लंबगोल आहेत. सरळ भिंती मातीच्या दाबाने कोसळल्याचा अनुभव आल्यावर रिके यांनी कमानीसारख्या फुगीर भिंती घेतल्या, कारण कमान आडवी असली तरी दाब तसाच पेलते. १८५८मध्ये नदीवरून कालवा नेणारा पूल झाला आणि सर्वांत खालच्या कोठ्यांचे काम संपले. उन्हाळ्यात दिवसभर नावा चढत-उतरत असतात. एका नावेला पुरा जिना पार व्हायला अर्ध्या-पाऊण तासाहून कमी वेळ क्वचितच लागतो, आणि काठावरची गर्दी तो सगळा वेळ टक लावून पाहत असते.

कापेस्तांहून कालव्याने पश्चिमेला गेले तर सोळा-सतरा किलोमीटरवर अर्जेलिए हे गाव आहे. पाहण्यासारखे तिथे फार नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाइनचे भाव कोसळले, साखर घालून कृत्रिम दारू बनवणाऱ्यांनी बाजार बिघडवला, तेव्हा ११ मार्च १९०७ रोजी याच गावातले ८७ शेतकरी नार्बोनकडे निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ अल्बेर हा द्राक्ष पिकवणारा आणि कॅफे चालवणारा साधा गावकरी. दर रविवारी सभा वाढत गेल्या; ९ जूनला माँपेलियेत लाखोंचा जमाव जमला. सरकारने सैन्य पाठवले, नार्बोनमध्ये गोळीबारात माणसे मारली गेली, आणि स्थानिक मुलांनीच भरलेल्या सतराव्या पायदळ तुकडीने बंड करून बेझिएकडे कूच केले. अल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. परतीच्या भाड्यासाठी क्लेमांसो यांनी दिलेले शंभर फ्रँक त्याने घेतले, ही बातमी सरकारने पसरवली, आणि चळवळीतले त्याचे स्थान तिथेच संपले. शेतमालाच्या भावासाठी लढलेल्या कोणत्याही मुलखातल्या माणसाला ही गोष्ट जिव्हारी लागेल. कायदा मात्र झाला: जूनअखेरीस भेसळीविरुद्धचे नियम आले, आणि पुढच्या दशकांत गावोगाव सहकारी वाइनरी उभ्या राहिल्या. बेझिएजवळच्या मारोसाँ गावाने तर १९०१मध्येच एकत्र विक्री सुरू केली होती. गावाच्या कडेला दिसणारी उंच, कमानदार, देवळासारखी इमारत बहुधा अशीच एखादी सहकारी वाइनरी असते, आणि चव घेऊन बाटली विकत घ्यायची तीच योग्य जागा. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकायची असते; त्यासाठी ठेवलेले भांडे तिथे असते आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

नार्बोनसाठी अख्खा दिवस द्यावा. ख्रिस्तपूर्व ११८मध्ये वसवलेली ही गॉलमधली, म्हणजे प्राचीन फ्रान्समधली, पहिली रोमन वसाहत. आर्चबिशपच्या राजवाड्यासमोरच्या चौकात व्हिया दोमितियाचा फरसबंद तुकडा खड्ड्यात उघडा ठेवला आहे. १९९७मध्ये तो सापडला. जवळच ‘ऑरेओम’ ही जमिनीखालची रोमन काळातली दालने, आणि शहराबाहेर २०२१मध्ये उघडलेले नार्बो व्हिया हे वस्तुसंग्रहालय, जिथे रोमन थडग्यांचे शेकडो कोरीव दगड एका भिंतीत मांडले आहेत. १२७२मध्ये सुरू झालेले सँ-झ्यूस्त कॅथेड्रल अपुरेच आहे. गाभाऱ्याची चाळीस मीटर उंच कमान झाली, पण पुढे बांधायचे तर शहराचा तट पाडावा लागला असता, आणि शहराने ते होऊ दिले नाही. आत शिरल्यावर इमारत अर्धवट आहे हे लक्षात यायला वेळ लागतो, इतकी तिची उंची जबर आहे.

याच भागात तेराव्या शतकातल्या एका क्रूसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, खुणा आहेत, आणि त्या इतिहासाच्या क्रमाने पाहिल्या तर त्यांचा अर्थ लागतो. सुरुवात नार्बोनजवळच्या फोंफ्र्वाद मठापासून करावी. ओसाड खोऱ्यात लपलेला हा सिस्टर्शियन मठ फिकट वाळूदगडाचा, विलक्षण शांत आहे. लांगदॉकमध्ये तेव्हा कॅथार पंथ रुजला होता. दृश्य जग हे दुष्ट तत्त्वाने घडवले, असे मानणारा हा पंथ चर्चची सत्ता नाकारत असे. त्याविरुद्ध पोपचा दूत म्हणून हिंडणारा पिएर द कास्तेल्नो हा या मठाचा भिक्षू. १२०८च्या जानेवारीत त्याची हत्या झाली आणि पोपने ख्रिस्ती मुलखावरच क्रूसेड पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए पडले आणि शहरात सरसकट कत्तल झाली. पुढच्या महिन्यात कार्कासोन शरण आले. १२१०मध्ये पाळी मिनेर्वची होती.

मिनेर्व हे कापेस्तांहून पाऊण तासाच्या अंतरावरचे छोटे गाव सेस आणि ब्रियाँ या ओढ्यांच्या खोल घळींनी तिन्ही बाजूंनी तुटलेल्या कड्यावर बसले आहे. क्रूसेडचा सेनापती सिमाँ द माँफोर याने समोरच्या कड्यावरून ‘मालव्ह्वाझीन’, म्हणजे वाईट शेजारीण, नावाचे दगडफेकी यंत्र लावले आणि गावाच्या एकुलत्या विहिरीकडची वाट उद्ध्वस्त केली. सातेक आठवड्यांत पाण्यावाचून गाव शरण आले. पंथ सोडायला नकार देणाऱ्या सुमारे १४० जणांना जाळले गेले. किल्ल्याचा आज एक उभा सुळका तेवढा उरला आहे. घळीत उतरून गेले की सेस ओढ्याने चुनखडीत कोरलेले दोन नैसर्गिक बोगदे दिसतात. उन्हाळ्यात पात्र कोरडे असल्याने त्यांतून चालत जाता येते.

कार्कासोन पाहून थोडा भ्रमनिरास होण्याची शक्यता असते, आणि तो टाळायला इतिहास ठाऊक असावा. सुमारे तीन किलोमीटरची दुहेरी तटबंदी आणि ५२ बुरूज ही तिची ओळख, पण दिसणारे बरेचसे बांधकाम १८५३पासून वास्तुकार व्हियोले-ल-द्युक यांनी केलेल्या जीर्णोद्धारातले आहे. बुरुजांवरची टोकदार पाटीची छपरे दक्षिणेची नव्हेत, उत्तरेची, अशी टीका तेव्हापासून होते. तरी तो जीर्णोद्धार झाला नसता तर दगड विकले गेले असते. तटाच्या आतल्या गल्ल्यांत फिरायला पैसे पडत नाहीत. आतला किल्ला आणि तटावरची फेरी यांना तिकीट आहे. दुपारची गर्दी दुकानांच्या गल्ल्यांत कोंडते. संध्याकाळी ओद नदीच्या जुन्या पुलावरून पाहिलेली तटबंदीच लक्षात राहते.

उन्हाचा कंटाळा आला की पूर्वेकडे पेझनास आणि समुद्र. पेझनासच्या गल्ल्यांत सतराव्या शतकातले वाडे जसेच्या तसे आहेत; मोलिएरची नाटकमंडळी इथे येत असे. तिथले बेकरीवाले दोऱ्याच्या रिळाएवढ्या, गोडसर मटणाच्या पेस्ट्र्या विकतात. १७६८मध्ये प्रकृतीसाठी इथे राहायला आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या आचाऱ्यांनी त्या शिकवल्या, अशी गावाची परंपरा आहे. हा तोच क्लाइव्ह, ज्याने १७५६मध्ये वॉटसनच्या आरमाराबरोबर येऊन तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. विजयदुर्गापासून या खारट-गोड घासापर्यंतचा धागा मराठी प्रवाशाने जरूर लक्षात ठेवावा.

त्यापुढे सेत हे बंदर आणि त्यामागचे खाजण. कालवांची शेती इथे वेगळीच असते. कोकणात ओहोटी लागली की खडक उघडे पडतात आणि बायका कोयतीने कालवं फोडून काढतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. म्हणून पाण्यात लोखंडी मांडव उभारून त्यांवरून दोऱ्या सोडतात, आणि लहान कालवं सिमेंटच्या ठिपक्याने दोरीला चिकटवतात. ती कायम पाण्यात राहून वाढतात. बुझिग गावाच्या काठावर ती ताजी उघडून देतात, लिंबू आणि पिकपूल द पिने या शेजारच्याच मळ्यांतल्या आंबूस पांढऱ्या वाइनबरोबर.

सर्वांत लांबची सहल दक्षिणेला कॉर्बिएर डोंगरातल्या पेरपर्तूझ आणि केरिब्यूस या किल्ल्यांची. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाला या कड्यांवरच्या तटांची ओढ वाटेल. त्यांना कॅथार किल्ले म्हणतात, पण आज उभे असलेले तट बहुतांशी नंतरचे आहेत. १२५५मध्ये केरिब्यूस पडले आणि १२५८च्या कॉर्बेयच्या तहाने अरागॉनच्या राज्याशी सीमा ठरली. तेव्हा फ्रेंच राजाने ते सरहद्दीची ठाणी म्हणून बांधून काढले. १६५९मध्ये पिरेनीजच्या तहाने सीमा दक्षिणेला सरकली आणि त्यांचे काम संपले.

या सहलीचा दिवस मात्र आधी ठरवून चालत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये कॉर्बिएरमध्ये लागलेला वणवा सुमारे १६,००० हेक्टर भागावर पसरला. हिरवे, नांगरलेले द्राक्षमळे आगीला अडवतात. पण वाइनची मागणी घटल्याने सरकारने २०२४मध्ये हेक्टरी ४,००० युरो देऊन वेली उपटायची योजना काढली, आणि पडीक रानातून आग गावापर्यंत धावते. वारा आणि कोरडेपणा वाढला की उन्हाळ्यात प्रशासन डोंगरवाटा बंद करते. त्या दिवशीचा धोक्याचा नकाशा प्रशासनाच्या संकेतस्थळावर मिळतो, कॅम्पसाइटच्या कचेरीतही विचारता येतो. वाटा बंद असल्या तर किल्ले दुसऱ्या दिवसावर टाकून खाजणाकडे निघावे.